मुदत संपली तरी

'सिग्नल' या कोरियन मालिकेतला पहिला तपास चौकशीच्या खोलीत येऊन अडतो. पंधरा वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीचं अपहरण होऊन खून झालेला असतो. संशयित बाई टेबलापलीकडे शांत बसलेली असते. पोलिसांच्या हाती ठोस पुरावा नसतो, तिच्या तोंडून कबुली काढण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो, आणि घड्याळाचा काटा मध्यरात्रीकडे सरकत असतो. बारा वाजतात. खोलीतल्या प्रत्येकाला खात्री असते की हिनेच ते केलं, पण आता त्या खुनासाठी तिला कुणी हात लावू शकत नाही, कारण खटला भरायची कायद्यातली मुदत संपलेली असते. रहस्यकथेच्या नेहमीच्या हिशेबात खुनी सापडला की गोष्ट संपते. इथे खुनी सापडतो आणि गोष्ट तिथून सुरू होते. हा प्रसंग लेखिका किम उन-ही यांनी निव्वळ थरारासाठी रचला असता तर त्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण जानेवारी 2016 मध्ये ही मालिका टीव्हीएन वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा पाहणाऱ्या कोरियन माणसाच्या मनात हे घड्याळ बरीच वर्षं टिकटिकत होतं. माझं म्हणणं असं की आज जगभर पाहिल्या जाणाऱ्या कोरियन रहस्यमालिकेचा घाट या घड्याळानेच घडवला. कायद्यातल्या मुदतीने आणि त्या मुदतीच्या आडोशाने पचून गेलेल्या सत्तेच्या गुन्ह्यांनी या मालिकांना त्यांचा मुख्य प्रश्न दिला: खून कुणी केला, हे तर विचारायचंच, पण इतकी वर्षं तो दडला कसा आणि कुणी दडू दिला, हे त्याहून आधी विचारायचं.

दक्षिण कोरियाची फौजदारी प्रक्रिया संहिता 1954 ची, म्हणजे कोरियन युद्धाच्या विरामाला जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हाची. फाशीची शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यासाठी तिने पंधरा वर्षांची मुदत घातली. मुदतीमागचा विचार चुकीचा नव्हता. साक्षीदारांची आठवण पुसट होते, पुरावे नासतात, आणि माणसाच्या मानेवर खटल्याची तलवार जन्मभर टांगती ठेवणं बरं नव्हे, असं कायदेपंडित सांगत आले आहेत. फक्त या विचारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की त्या पंधरा वर्षांत तपास यंत्रणा आपलं काम इमानाने करील. याच संहितेने अभियोक्त्यांना अफाट अधिकार दिले. कोरियातला अभियोक्ता आपल्याकडच्या सरकारी वकिलासारखा नव्हता. पोलिसांच्या तपासावर हुकूमत त्याची असे, हवं तर तपास स्वतः करणारा तोच, आणि खटला भरायचा की फाइल बंद करायची हेही जवळपास सर्वस्वी त्याच्याच हाती असे. पोलिसांनी तपास नासवला किंवा अभियोक्त्याने कागद दाबून ठेवले, तर फिर्यादीला ठोठावायला दुसरं दार फारसं उरत नसे. तो फक्त वर्षं मोजू शकत असे. गुन्हेगारही तेच करत असे.

याबद्दल प्रश्न विचारू शकणारी दूरचित्रवाणी मात्र नेमकी सत्तेच्या मांडीवर वाढली. पार्क चुंग-ही यांनी मे 1961 मध्ये लष्करी उठाव केला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी केबीएस या सरकारी दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण सुरू झालं. 1969 मध्ये एमबीसीची दूरचित्रवाणी आली आणि मार्च 1971 मध्ये तिने 'सुसा बानजांग', म्हणजे तपास पथकाचा प्रमुख, ही मालिका सुरू केली. मधल्या एका छोट्या खंडासह ती 1989 पर्यंत चालली, 880 भाग झाले आणि तपासप्रमुखाची भूमिका करणारे चोई बुल-आम हे घराघरातलं नाव झालं. कथा खऱ्या पोलिसी प्रकरणांवर बेतलेल्या असत. गुन्हेगार बहुधा गावाकडून सोलमध्ये आलेला, कारखान्यात पिचलेला, कर्जात बुडालेला गरीब माणूस असे. तपासप्रमुख त्याला पकडत असे आणि त्याच्यासाठी हळहळतही असे. ही कणव खोटी नव्हती, आणि त्या काळातल्या शहरी दारिद्र्याचं इतकं सलग चित्र दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमात क्वचितच सापडेल. तरीही वर्षांकडे नीट पाहायला हवं. 1972 मध्ये पार्क यांनी युशिन राज्यघटना आणून आजन्म सत्तेची सोय केली, 1980 च्या मे महिन्यात ग्वांगजू शहरात लष्कराने आपल्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या, जानेवारी 1987 मध्ये पार्क जोंग-चुल हा विद्यार्थी पोलीस कोठडीत छळाने मेला, आणि टेबलावर हात आपटताच तो गतप्राण झाला असा खुलासा पोलिसांनी केला. त्या साऱ्या काळात पडद्यावरचा पोलीस प्रामाणिक, थकलेला, कनवाळू राहिला. एमबीसीवरच 1973 पासून दहा वर्षं चाललेली '113 तपास मुख्यालय' ही मालिका तर उत्तर कोरियाचे हेर पकडण्याचीच होती. 113 हा हेराची खबर देण्याचा दूरध्वनी क्रमांक होता. हेर म्हणून पकडल्या गेलेल्यांपैकी कितीतरी जण पुढे फेरसुनावणीत निर्दोष सुटले. पडद्यावर तेव्हा रहस्य होतं, तपास होता, उकलही होती, पण तपास करणाऱ्याचा तपास करण्याची मुभा नव्हती.

ती मुभा आधी कादंबरीने घेतली. किम सोंग-जोंग यांची 'अखेरचा साक्षीदार' ही 1974 ची कादंबरी या सगळ्या परंपरेची खरी जननी आहे असं मला वाटतं, आणि परदेशी प्रेक्षकाला तिचं नावही ठाऊक नसतं याची खंत वाटते. एका दारू गाळणाऱ्या व्यापाऱ्याचा खून होतो. ओ नावाचा एक एकांडा पोलीस अधिकारी त्याचा माग काढत गावोगाव फिरतो आणि प्रत्येक गावात तो वीस वर्षं मागे जातो, कोरियन युद्धाच्या काळात, जिरी पर्वतात दडलेल्या साम्यवादी बंडखोरांपर्यंत. तिथे एक निरपराध माणूस खोट्या खुनाच्या आरोपावरून वीस वर्षं तुरुंगात सडलेला आढळतो. आजच्या प्रेताखाली कालचं प्रेत आणि त्याखाली सरकारी शिक्क्याचा खोटा कागद, ही रचना इथे पूर्ण तयार आहे. दिग्दर्शक ली दू-योंग यांनी 1980 मध्ये त्यावर चित्रपट केला तेव्हा त्यातला सुमारे तासाभराचा भाग कापला गेला. इतिहास खणणाऱ्या पोलिसाला कात्री लावायची, हे सेन्सॉरला बरोबर कळलं होतं.

1995 साली हा प्रश्न दिवाणखान्यात येऊन बसला. एसबीएस या नव्या खासगी वाहिनीने जानेवारी आणि फेब्रुवारीत 'वाळूचं घड्याळ' ही चोवीस भागांची मालिका आठवड्यातून चार दिवस दाखवली. प्रेक्षकसंख्या 64.5 टक्क्यांपर्यंत गेली आणि ती लागायच्या वेळी रस्ते ओस पडत म्हणून लोकांनी तिला घरी जायचं घड्याळ असं नाव दिलं. ती रहस्यमालिका नव्हती. एक गुंड, त्याचा अभियोक्ता झालेला मित्र आणि दोघांना जोडणारी एक तरुणी यांची ती कहाणी. पण ग्वांगजूचा गोळीबार तिने पहिल्यांदा एवढ्या उघडपणे कौटुंबिक वेळेत दाखवला, खऱ्या चित्रफितींसह. त्याच वर्षी बाहेर काय चाललं होतं? ग्वांगजूला पंधरा वर्षं होत आली होती. जुलैत अभियोक्त्यांनी जाहीर केलं की यशस्वी झालेल्या उठावाबद्दल खटला भरता येत नाही. निदर्शनं पेटली, आणि डिसेंबरमध्ये संसदेने खास कायदा करून त्या गुन्ह्यांची मुदत सत्तेच्या काळात थांबलेलीच होती असं ठरवलं. त्या उठावाचे सूत्रधार, माजी राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान यांना 1996 मध्ये खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली, अपिलात ती जन्मठेप झाली आणि 1997 च्या डिसेंबरात माफीही मिळाली. मालिकेमुळे कायदा झाला असा दावा कुणी केला तर तो मी मान्य करणार नाही. आंदोलनाचं श्रेय रस्त्यावर उतरलेल्यांचं आणि मृतांच्या आयांचं आहे. पण मुदत ही वकिलांच्या ग्रंथातली बाब राहिली नाही, ती जेवणाच्या ताटावर चर्चेला आली, हे त्या वर्षी घडलं.

मग ह्वासोंग. सोलच्या दक्षिणेला भातखाचरांचा हा भाग. सप्टेंबर 1986 ते एप्रिल 1991 या काळात तिथे दहा मुली-बायकांचे खून झाले. तेरा वर्षांच्या मुलीपासून सत्तरी ओलांडलेल्या आजींपर्यंत. सुमारे 21,000 लोकांची चौकशी झाली, 40,000 वर बोटांचे ठसे ताडून पाहिले गेले, वीस लाखांहून अधिक मनुष्यदिवस पोलिसांनी खर्च केले. देशात जनुकीय चाचणीची सोय नव्हती, म्हणून नमुने जपानला पाठवले. आणि त्याच वेळी देशभरच्या पोलिसांची मोठी फौज शहरांत विद्यार्थ्यांवर अश्रुधूर सोडत होती. बोंग जून-हो यांच्या 2003 च्या 'मेमरीज ऑफ मर्डर' या चित्रपटात एक प्रसंग आहे. आज रात्री पुन्हा खून होणार हे कळल्यावर तपास पथक जादा कुमक मागतं आणि उत्तर येतं की सगळी तुकडी निदर्शनं मोडायला गेली आहे. हजार पानी राजकीय इतिहासात जे येत नाही ते त्या एका दूरध्वनीत येतं: लोकांना सत्तेपासून वाचवायला कुणी नव्हतं आणि खुन्यापासून वाचवायला जे होते त्यांना सत्तेने उचलून नेलं होतं. चित्रपटाच्या अखेरीस पोलिसाचं काम सोडलेला नायक सरळ कॅमेऱ्यात पाहतो. खुनी प्रेक्षागृहात असेल तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडावा, हा त्यामागचा हेतू दिग्दर्शकाने पुढे सांगितला. एप्रिल 2006 मध्ये दहाव्या खुनाची मुदत संपली. पुढच्याच वर्षी संसदेने खुनाची मुदत पंधरावरून पंचवीस वर्षांवर नेली, पण ती नव्या गुन्ह्यांसाठी. 2014 मध्ये टीव्हीएनने 'गाप-दोंग' ही मालिका केली, तिचा आधारच मुळी मुदत संपलेलं खूनसत्र हा होता. आणि 1999 मध्ये दैगू शहरात अॅसिड फेकून मारल्या गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवल्यावर जुलै 2015 मध्ये खुनाची मुदत कायद्यातून साफ काढून टाकली गेली. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या प्रकरणाची मुदत तेवढ्यात उलटून गेली होती.

सहा महिन्यांनी 'सिग्नल' आली. तिच्यातली कल्पना सगळ्यांना आता माहीत आहे. बॅटरी नसलेला एक जुना वॉकीटॉकी रात्री 11 वाजून 23 मिनिटांनी खरखरतो आणि 2015 मधला तरुण पोलीस भूतकाळातल्या एका बेपत्ता पोलिसाशी बोलू लागतो. ही चमत्काराची युक्ती आहे, पण तिने केलेलं काम अगदी व्यवहारी आहे. मुदत संपल्याने जो संवाद कायद्याने तोडला, तो इथे जोडला जातो. ह्वासोंगच्या प्रकरणाला मालिकेने नाव बदलून घेतलं आहे आणि तिथे एक प्रसंग आहे, ज्यासाठी ही मालिका पाहावी. भूतकाळातला पोलीस, ली जे-हान, ज्या मुलीवर मनोमन जीव लावून होता ती बळी पडते. तिने जाण्यापूर्वी त्याच्यासोबत सिनेमाला जायचं म्हणून तिकिटं घेतलेली असतात. तो एकटाच जातो. विनोदी चित्रपट चाललेला असतो, सारं प्रेक्षागृह खदखदून हसत असतं आणि त्या अंधारात हा रांगडा गडी हुंदके देत बसतो. मृत व्यक्ती ही फाइलमधली क्रमांक लावलेली ओळ असता कामा नये, तिच्या पश्चात कुणाच्या तरी शेजारची खुर्ची रिकामी राहते, हे रहस्यपटाने क्वचितच इतक्या थेटपणे म्हटलं असेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो उसनवारीचा. काळापलीकडे रेडिओवर बोलण्याची कल्पना 2000 सालच्या अमेरिकन 'फ्रिक्वेन्सी' चित्रपटात होती. मुदतीचा पेच जपानी रहस्यकथेत पूर्वीपासून आहे, कारण जपानमध्येही खुनाची मुदत 2004 पर्यंत पंधरा वर्षंच होती आणि 2010 मध्ये ती रद्द झाली. 'लाइफ ऑन मार्स' तर सरळसरळ ब्रिटिश मालिकेची कोरियन आवृत्ती. हे सगळं खरं आहे. पण उसनं घेतलेलं सूत कुठल्या मागावर विणलं ते पाहावं. ब्रिटिश नायक 1973 मध्ये जाऊन पडतो, कोरियन नायक 1988 मध्ये, म्हणजे सोल ऑलिंपिकच्या वर्षी. त्या वर्षी जगाला देखणं दाखवायचं म्हणून बरंच काही गालिच्याखाली सारलं गेलं होतं आणि त्याच सप्टेंबरात ह्वासोंगचा आठवा खून झाला. अमेरिकन चित्रपटात शेवटी घर सावरतं. 'सिग्नल'मध्ये भूतकाळातली एक चूक दुरुस्त केली की वर्तमानात दुसरंच कुणीतरी मरतं, आणि त्या साखळीच्या टोकाशी नेहमी एक वरिष्ठ अधिकारी आणि त्याच्या पाठीशी एक राजकारणी उभा असतो. ही निवड कोरियाची आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा. टीव्हीएन 2006 मध्ये आली, जेटीबीसी 2011 च्या डिसेंबरात. जुन्या वाहिन्यांना घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना धरून ठेवायचं होतं, नव्यांना तरुण शहरी प्रेक्षक हवा होता, मग गडद मालिका आल्या. आठवड्याला दोन, एकूण सोळा भाग, एकच लेखक किंवा लेखिका, ही चौकटही रहस्याला सोयीची. गोष्टीला शेवट असतो, तो आधीपासून ठरवता येतो, आणि आठवडाभर लोक तर्क लढवत बसतात. बाजाराने जागा करून दिली हे मी मान्य करतो. परंतु त्या जागेत काय भरायचं हे बाजाराने सांगितलं नव्हतं. परक्या देशांत लोकप्रिय झालेला, दर भागात नवा खून आणि शेवटी उकल असा सुटसुटीत साचा कोरियातही होता आणि किम उन-ही यांनी स्वतः 2011 मध्ये एसबीएसवर 'साइन' ही न्यायवैद्यकाची मालिका लिहिली होती. तिथेही पहिलाच मृत्यू एका बड्या घराण्याचं रक्षण करण्यासाठी दडपला जातो.

तिसरं मत असं की हे सारं कोरियाच्या मातीतच आहे, त्यासाठी विसाव्या शतकात यायला नको. त्यात तथ्य आहे आणि ते मनोरंजकही आहे. जोसोन राजवटीत राजा सेजोंग याच्या काळात, 1438 मध्ये, चिनी शवचिकित्सेच्या ग्रंथाची सटीप कोरियन आवृत्ती तयार झाली. संशयास्पद मृत्यूची तपासणी एकदा स्थानिक न्यायाधिकाऱ्याने करायची आणि मग दुसऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने स्वतंत्रपणे पुन्हा करायची, दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. विषाची शंका असेल तर मृताच्या घशात चांदीची सुई घालून ती काळी पडते का पाहायचं. 1822 मध्ये जोंग याक-योंग या विद्वानाने खुनाच्या खटल्यांवर तीस खंडांचा ग्रंथ लिहिला, कारण अडाणी अधिकाऱ्यांच्या हातून निरपराध मरताना त्याने पाहिले होते. आणि लोककथेत जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणी आहेत. सावत्र आईच्या कटाने त्यांचा बळी जातो. त्यांची भुतं न्याय मागायला रात्री न्यायाधिकाऱ्याकडे जातात, आणि एकामागून एक अधिकारी भीतीनेच मरतात. शेवटी एक जण धीर धरून बसतो, ऐकतो, चौकशी पुन्हा उघडतो. 'सिग्नल'मधला तो वॉकीटॉकी या कथेचा वारस आहे हे मला पटतं. तरीही एक फरक राहतो. लोककथेतला अधिकारी भित्रा असतो, लबाड नसतो. मृताने आपलं म्हणणं मांडलं की न्याय होतो. आधुनिक मालिकेत म्हणणं ऐकलेलं असतं, टिपून घेतलेलं असतं, आणि तरी ते कपाटात जातं. हा बदल 1961 नंतरच्या राजवटींनी शिकवला.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. खऱ्या बायकांच्या मरणावर करमणूक उभी करायची का? 'सिग्नल'मध्ये 2004 च्या मिर्यांग येथील सामूहिक अत्याचाराच्या प्रकरणाची सावली आहे, आणि ती पीडिता जिवंत आहे. बऱ्याच वर्षांनी सापडलेल्या ह्वासोंगच्या खुन्याने 2020 मध्ये न्यायालयात साक्ष देताना सांगितलं की 'मेमरीज ऑफ मर्डर' त्याने तुरुंगात पाहिला, त्याला काही वाटलं नाही, तो एक चित्रपट होता. डोळ्याला डोळा भिडवण्याची कलावंताची आशा अशी विझली. पुष्कळ कोरियन मालिका या कसोटीवर नापास होतात. खुनी जितका विक्षिप्त आणि हुशार, तितका कॅमेरा त्याच्यावर लुब्ध, आणि बाईचं शरीर नुसतं नेपथ्य, असा प्रकार सर्रास चालतो. त्याचं समर्थन करता येणार नाही. पण आक्षेपाचं पूर्ण उत्तर म्हणून विषयच वर्ज्य करायचा, तर गप्प बसण्याचा फायदा कुणाला होतो हेही विचारावं लागेल. एसबीएसवर 1992 पासून चालू असलेला 'ते मला जाणून घ्यायचंय' हा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम आणि या मालिका यांनी मिळून जुनी प्रकरणं लोकांच्या नजरेसमोर ठेवली. बळींची घरं तर ती कधी विसरलीच नव्हती. विसरायची सोय फक्त यंत्रणेला होती.

2017 च्या जूनमध्ये आलेल्या 'स्ट्रेंजर'ने प्रश्नाची जागा बदलली. लेखिका ली सू-योन यांची ती पहिलीच मालिका. खुनाची मुदत तोवर गेली होती, म्हणून काळाशी शर्यत उरली नव्हती. शर्यत आता इमारतीच्या आत होती. अभियोक्त्यांना पैसे आणि मेजवान्या पुरवणारा एक कंत्राटदार मारला जातो आणि तपास करणारा अभियोक्ता ह्वांग शी-मोक याला दर पावलाला आपलेच सहकारी, आपलेच वरिष्ठ भेटतात. लहानपणीच्या शस्त्रक्रियेमुळे त्याच्या भावना जवळपास पुसल्या गेल्या आहेत, आणि लेखिकेने या व्यंगाचा केलेला उपयोग फार विचारपूर्वक आहे. ज्या व्यवस्थेत जेवणाच्या आमंत्रणाने, शाळेच्या ओळखीने, उपकाराच्या ओझ्याने माणूस बांधला जातो, तिथे ज्याला या बंधनाचा स्पर्शच होत नाही तोच सरळ चालू शकतो. त्याच्या जोडीला पोलीस अधिकारी हान यो-जिन आहे, आणि तिला मात्र सगळं जाणवतं. मालिका आली त्याच्या तीन महिने आधी, मार्च 2017 मध्ये, मेणबत्ती मोर्च्यांनंतर राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांना घटना न्यायालयाने पदावरून दूर केलं होतं. 2020 मधलं दुसरं पर्व तर तपासाचा अधिकार पोलिसांचा की अभियोक्त्यांचा, या रुक्ष वाटणाऱ्या वादावर उभं होतं, आणि त्याच वर्षी संसदेने तो अधिकार वाटून द्यायचा कायदा केला होता. फौजदारी प्रक्रियेतल्या अशा कलमावरची मालिका देशातले लोक रात्री जागून पाहतात, हे दुसरीकडे कुठे घडलेलं मला ठाऊक नाही.

'सिग्नल'वरून 2024 मध्ये झी फाइव्हवर 'ग्यारह ग्यारह' ही हिंदी मालिका आली आणि मराठी घरांतही ती पाहिली गेली. अभिनय चोख, उत्तराखंडचा निसर्ग सुंदर. पण भारतीय कायद्यात खुनाला मुदत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच ती आहे, पूर्वीच्या संहितेतही आणि नव्या संहितेतही. त्यामुळे मूळ मालिकेत जो काटा पाहणाऱ्याच्या छातीत रुततो, त्याला इथे तेवढी धार येत नाही. आपल्याकडे न्यायाला उशीर होतो तो खटला सुरू झाल्यावर, तारखांमध्ये, आणि त्या दुखण्यावरची रहस्यमालिका अजून लिहायची राहिली आहे.

खुनाची मुदत गेली, तर मग हा विषय संपायला हवा होता, असं कुणी म्हणेल. सप्टेंबर 2019 मध्ये तसं वाटलंही. ह्वासोंगच्या प्रकरणातल्या जपून ठेवलेल्या वस्तूंवरची जनुकीय खूण 1994 मधल्या एका खुनासाठी जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याशी जुळली. त्याने चौदा खून कबूल केले. रक्तगटाच्या चुकीच्या समजुतीपायी तो पूर्वी चौकशीतून सुटला होता. आठव्या खुनासाठी पोलिओने पाय अधू झालेल्या एका तरुणाला झोपू न देता कबुली द्यायला लावली होती. तो वीस वर्षं तुरुंगात राहिला, किम सोंग-जोंग यांच्या कादंबरीतल्या माणसाइतकीच, आणि डिसेंबर 2020 मध्ये निर्दोष ठरला. पण या कबुलीजबाबात 1989 मध्ये शाळेतून परतताना नाहीशी झालेली आठ वर्षांची एक मुलगी निघाली. तिच्या वस्तू तेव्हाच सापडल्या होत्या. तपास अधिकाऱ्यांनी तिचे अवशेषही दडवले आणि घरच्यांना ती बेपत्ता आहे एवढंच सांगितलं, असा निष्कर्ष नव्या तपासात निघाला. त्या अधिकाऱ्यांवर खटला होऊ शकला नाही. खुनाला मुदत नाही, खून दडवणाऱ्या सरकारी नोकराच्या गुन्ह्याला मात्र ती अजून आहे, आणि ती केव्हाच उलटली होती. नोव्हेंबर 2022 मध्ये सुवोनच्या न्यायालयाने सरकारला 22 कोटी वॉन भरपाई द्यायला लावली. आई आणि वडील दोघेही तोवर वारले होते.

2021 मध्ये जेटीबीसीवर आलेली 'बियॉन्ड एव्हिल' ही मालिका याच जागेवर बोट ठेवते. मान्यांग नावाच्या काल्पनिक गावात वीस वर्षांपूर्वी एक मुलगी नाहीशी झाली, मागे उरली ती तिच्या बोटांची दहा टोकं. तिचा जुळा भाऊ आता त्याच गावात पोलीस आहे. खुनी कोण हे मालिका अर्ध्याच्या आत सांगून टाकते आणि उरलेले सगळे भाग त्या रात्री कुणी काय पाहिलं, कुणी गाडी लपवली, कुणी कुणाच्या बढतीसाठी कागद फिरवला, याच्या हिशेबात घालवते. मालिका आपल्या नायकालाही सूट देत नाही. सत्य बाहेर यावं म्हणून पुराव्याला हात लावलेला तो भाऊ शेवटी तरुण सहकाऱ्यापुढे हात धरतो आणि बेड्या घालून घेतो. त्याचा गुन्हा ताजा असतो, मुदतीच्या आतला.